गावच्या बैठकीत माणसांचा मेळ कसा बसवावा

खरिपाच्या पेरणीत तिफणीमागे सरता (बी सोडण्याची नळी) धरून चालणाऱ्या बाईच्या मुठीकडे थोडा वेळ पाहावे. बैलांची चाल वाढली की मुठीतून सुटणाऱ्या तुरीच्या दाण्यांचा वेग वाढतो, आणि धुऱ्याजवळ वळताना बैल मंदावले की मूठ आपोआप आवळली जाते. तिफण हाकणारा मागे वळून तिला काही सांगत नाही आणि तीही त्याला काही विचारत नाही, तरी पेरणीच्या ओळीत दाणे सारख्या अंतराने पडतात. हीच दोघे रात्री समाजमंदिरातल्या बैठकीला आली की त्यांच्यातला हा मेळ कुठे जातो, हा प्रश्न मला यवतमाळ जिल्ह्यातल्या गावांत बचत गटांच्या आणि पाणलोट समित्यांच्या बैठका घेताना अनेक वर्षे पडत आला आहे.

बैठक घेण्याचे काम ज्यांच्या वाट्याला येते, त्या ग्रामसेवकांसाठी, गटांच्या अध्यक्षांसाठी, कृषी सहायकांसाठी आणि गावात नव्याने पाऊल ठेवणाऱ्या कार्यकर्त्यांसाठी हे टिपण लिहिले आहे. माणसे एकत्र आली की त्यांच्यात मेळ बसतो तो एकाच ठिकाणी बसत नाही. तो शरीराच्या हालचालीत बसतो, बोलण्याच्या पाळीत बसतो, नजरेत आणि शब्दांत बसतो आणि शेवटी मतांत बसतो. पहिल्या चार ठिकाणी तो जितका लवकर बसेल तितके बरे असते, पण मतांचा मेळ शक्य तितका उशिरा बसू द्यावा लागतो. बहुतेक बैठका फसतात, कारण तिथे हा क्रम नेमका उलटा झालेला असतो.

बसण्याची जागा

आपल्याकडे बैठकीची रचना ठरलेली असते. पाहुण्यांना खुर्च्या आणि टेबल, समोर सतरंजीवर पुरुष, आणि दाराशी किंवा भिंतीला टेकून, डोक्यावरचा पदर सावरत बसलेल्या बाया. या रचनेत बायांना पुरुषांच्या पाठी दिसतात आणि पुरुषांना फक्त पाहुणे दिसतात. मेळ बसण्यासाठी एकमेकांची शरीरे दिसणे किती आवश्यक असते, हे अमेरिकेत २००७ साली झालेल्या एका प्रयोगातून कळते. दोन माणसांना शेजारी शेजारी झुलत्या खुर्च्यांवर बसवले होते आणि खुर्च्यांना वजने लावून त्यांचा स्वाभाविक झोका मुद्दाम वेगवेगळा केला होता. तरीही एकमेकांकडे पाहताना त्यांचे झोके वारंवार एका लयीत येत असत, आणि डोळ्याच्या कोपऱ्यातून दिसण्यापेक्षा सरळ पाहताना हे अधिक घडत असे.

म्हणून सतरंज्या गोलाकार अंथराव्यात. खुर्च्या ठेवायच्याच असतील तर त्या गुडघे दुखणाऱ्या म्हाताऱ्यांना द्याव्यात आणि स्वतः खाली बसावे. बाया एकदम पुरुषांच्या शेजारी बसणार नाहीत आणि तसा आग्रहही धरू नये, परंतु अर्धे वर्तुळ त्यांचे आणि अर्धे पुरुषांचे अशी बैठक बहुतेक गावांत चालून जाते. वेळेविषयी फार सांगण्यासारखे नाही. आठवडी बाजाराच्या दिवशी बैठक ठेवू नये, आणि कापूस वेचणीच्या दिवसांत स्वयंपाक उरकण्याआधी बायांना बोलावू नये.

सुरुवात कशाने करावी

एका लयीत काही केले की माणसे परस्परांना थोडी अधिक धरून राहतात. स्टॅनफर्डमधील विल्टरमुथ आणि हीथ यांनी २००९ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत एका गटाला पावले जुळवून चालायला लावले होते आणि दुसऱ्याला आपापल्या चालीने. नंतरच्या पैशांच्या खेळात पावले जुळवून चाललेल्यांनी एकमेकांना अधिक साथ दिली. आपल्याकडे हे कोणी प्रयोग करून सांगण्याची वाट पाहिली गेली नाही. यावलीत १९०९ साली जन्मलेल्या तुकडोजी महाराजांनी खंजिरीवरची भजने आणि सामुदायिक प्रार्थना यांच्या आधाराने विदर्भातील गावे एकत्र बसवली. आजही अनेक गावांत संध्याकाळी ही प्रार्थना होते. ज्या गावात ती होते तिथे बैठक प्रार्थनेनंतर लगेच ठेवावी, निराळ्या सुरुवातीची गरज पडत नाही. जिथे भजनी मंडळ आहे तिथे एक भजन पुरते.

शहरातून येणारे प्रशिक्षक टाळ्या वाजवण्याचे आणि उड्या मारण्याचे खेळ घेतात, ते मात्र टाळावेत असे माझे स्पष्ट मत आहे. दिवसभर निंदण करून आलेल्या साठ वर्षांच्या बाईला पोरखेळ करायला लावले की तिचे शरीर लयीत येत नाही, ती फक्त संकोचते. गावाच्या अंगवळणी असलेली लय घ्यावी, आणि ती संथ असावी. नाट्यगृहातल्या टाळ्यांचा अभ्यास २००० साली प्रसिद्ध झाला होता. त्यात दिसले की विस्कळीत टाळ्या जेव्हा एका ठेक्यावर येतात तेव्हा प्रेक्षक आपला वेग जवळपास निम्म्याने कमी करतात, आणि उत्साहाने तो पुन्हा वाढवला की ठेका मोडतो. द्रुत लयीतले भजन कितीही रंगतदार असले तरी नवख्या माणसाला त्यात शिरता येत नाही, हे भजनी मंडळातला कोणीही सांगेल.

हुंकारा

लहानपणी अंगणात बाजेवर पडून आजीची गोष्ट ऐकताना हुंकारा द्यावा लागत असे. तो थांबला की आजी ‘झोपला का रे?’ असे विचारायची आणि गोष्ट तिथेच राहायची. गोष्ट सांगणारा एक आणि ऐकणारा दुसरा असे आपण समजतो, परंतु गोष्ट दोघे मिळून सांगत असतात, याचा पुरावा कॅनडातल्या जॅनेट बावेलस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००० साली दिला. त्यांनी माणसांना स्वतःवर बेतलेला एखादा थरारक प्रसंग सांगायला लावले, आणि काही श्रोत्यांना गुपचूप असे काम दिले की सांगणाऱ्याच्या बोलण्यातले इंग्रजी ‘टी’ अक्षराने सुरू होणारे शब्द मोजायचे. हे श्रोते कान देऊन ऐकत होते, पण गोष्ट ऐकत नव्हते. परिणाम असा झाला की सांगणारेच अडखळले. गोष्टीचा शेवट त्यांना नीट करता आला नाही आणि ते पुन्हा पुन्हा खुलासे देत राहिले. साधा ‘हं’ आणि प्रसंग पाहून दिलेला ‘अरे बाप्पा!’ यांत फरक असतो, आणि या श्रोत्यांकडून हा दुसरा, प्रसंगाला धरून असलेला हुंकारा जवळजवळ नाहीसा झाला होता.

बैठक घेणारा माणूस इतिवृत्त लिहीत खाली मान घालून बसला किंवा मोबाइलवर हजेरीचे फोटो पाठवत राहिला, तर बोलणाऱ्या शेतकऱ्याची अवस्था याहून वेगळी होत नाही. मग ‘गावच्या लोकांना मुद्देसूद बोलता येत नाही’ असा शेरा मारला जातो. तो दोष ऐकणाऱ्याचा असतो. इतिवृत्त लिहिण्याचे काम दुसऱ्याला द्यावे, फोन पिशवीत ठेवावा, बोलणाऱ्याकडे पाहावे, आणि त्याने विहीर आटल्याचे सांगितले तर ‘मग गुरांचं काय केलं, काकाजी?’ असे विचारावे. हे विचारण्यातच हुंकारा असतो.

या हुंकाऱ्याची दुसरी बाजू मला फजितीतून कळली. नोकरीच्या सुरुवातीच्या वर्षांत एका गावात (नाव सांगण्याचे कारण नाही) मी नाल्यावर वनराई बंधारा घालण्यासाठी बैठक घेतली होती. सिमेंटच्या रिकाम्या पोत्यांत रेती भरून पाणी अडवायचे, सकाळी सात वाजता सगळ्यांनी यायचे, असे मी समजावून सांगत होतो आणि माझ्या प्रत्येक वाक्याला चारही बाजूंनी ‘हव जी, हव जी’ येत होते. दुसऱ्या दिवशी नाल्यावर मी होतो, कोतवाल होता आणि पन्नास रिकामी पोती होती. परतताना भेटलेल्या एका म्हाताऱ्या बाईकडे मी तक्रार केली, तेव्हा ती सहज म्हणाली, ‘हव म्हन्लं म्हंजे आयकलं जी. येतो म्हून कोनं सांगतलं?’

तिचे म्हणणे शास्त्राला धरून होते. संभाषणात मधूनमधून येणारे ‘हं’, ‘हव’, ‘बरं’ हे शब्द ‘ऐकतो आहे, पुढे बोला’ एवढेच सांगतात. ते संमती आहेत असे धरून चालणारा माणूस स्वतःची फसवणूक करून घेतो, विशेषतः जिथे पाहुण्याला तोंडावर नाही म्हणणे असभ्य समजले जाते अशा आपल्या मुलखात. उपाय सोपा आहे. ज्याचे उत्तर ‘हव’ असे देताच येणार नाही असा प्रश्न विचारावा. ‘सकाळी येणार ना?’ याऐवजी ‘तुमच्या घरून कोण येईल, आणि फावडे आणेल की घमेले?’ असे विचारले की येणारे आणि न येणारे तिथल्या तिथे कळतात. गाडगेबाबा कीर्तनात श्रोत्यांना सतत प्रश्न विचारत आणि उत्तर त्यांच्याच तोंडून काढून घेत. हजारोंच्या जमावाला त्यांनी नुसते ‘हव’ म्हणत बसू दिले नाही.

बोलण्याची पाळी

एकाचे बोलणे संपून दुसऱ्याचे सुरू होईपर्यंत किती वेळ जातो, याची मोजणी जगातील दहा भाषांत करून २००९ साली प्रसिद्ध झाली. त्यांत मराठी नव्हती, परंतु जपानी, डॅनिश, लाओ, मेक्सिकोतील त्सेल्ताल अशा एकमेकींपासून दूरच्या भाषा होत्या. प्रश्न आणि उत्तर यांमधले सरासरी अंतर सेकंदाच्या सुमारे पाचव्या भागाएवढे निघाले. एखादे चित्र पाहून त्याचे नाव तोंडातून काढायलाही याच्या जवळपास तिप्पट वेळ लागतो. याचा अर्थ असा की समोरच्याचे वाक्य संपण्याआधीच ऐकणारा त्याचा शेवट ओळखतो आणि आपले उत्तर मनात मांडून तयार असतो.

जो भाषेत मुरलेला आहे आणि ज्याला बोलण्याची सवय आहे, त्याला हे साधते. मराठी ही ज्यांची दुसरी भाषा आहे, घरी जे कोलामी, गोंडी किंवा मेळघाटात कोरकू बोलतात, त्यांचे उत्तर तयार होईपर्यंत पाळी दुसऱ्याने घेतलेली असते. मग ते बोलत नाहीत, आणि त्यांना काही म्हणायचे नाही असे लिहिले जाते. प्रिन्स्टनमध्ये २०१० साली गोष्ट सांगणाऱ्या आणि ऐकणाऱ्यांच्या मेंदूंचे निरीक्षण झाले, तेव्हा ऐकणाऱ्याच्या मेंदूतील हालचाल सांगणाऱ्याच्या मागोमाग चालताना दिसली, आणि काही भागांत तर ती सांगणाऱ्याच्याही पुढे धावत होती. ज्यांची समज चांगली होती त्यांच्यात हे पुढे धावणे अधिक होते. गोष्ट रशियन भाषेत आणि ऐकणाऱ्याला रशियन येत नाही, अशी स्थिती केली तेव्हा हा मेळ उरला नाही.

तेव्हा प्रश्न विचारल्यावर मनात सावकाश पाच आकडे मोजावेत आणि तोपर्यंत स्वतःही बोलू नये. ही शांतता सुरुवातीला फार जड जाते. प्रश्न आखूड ठेवावा. तीन पोटवाक्यांचा प्रश्न कुठे संपणार हे ऐकणाऱ्याला आधी कळत नाही आणि त्याची तयारी होत नाही. कोलाम पोडावर, म्हणजे कोलामांच्या वस्तीवर, बैठक असेल तर महत्त्वाच्या मुद्द्यावर आधी दहा मिनिटे त्यांना त्यांच्या भाषेत आपापसांत बोलू द्यावे. आपल्याला त्यातले काही कळत नसले तरी गप्प बसावे.

शब्द आणि नजर

क्लार्क आणि विल्क्स-गिब्ज यांच्या १९८६ च्या प्रयोगात दोन माणसे पडद्याच्या दोन बाजूंना बसून बारा विचित्र आकृत्या एकाच क्रमाने लावत असत. एकाने वर्णन करायचे आणि दुसऱ्याने ओळखायचे. पहिल्या फेरीत सांगणाऱ्याला एकेका आकृतीसाठी सुमारे ४१ शब्द लागले आणि सहाव्या फेरीत सुमारे ८ पुरले, कारण तोवर प्रत्येक आकृतीला दोघांनी मिळून एक नाव पाडलेले होते. पुढे १९८९ साली शोबर आणि क्लार्क यांनी दाखवले की असे संभाषण पहिल्यापासून शेवटपर्यंत ऐकणाऱ्या, पण मध्ये बोलण्याची मुभा नसलेल्या तिऱ्हाइताला आकृत्या तितक्या चांगल्या ओळखता येत नाहीत. शब्द तेच त्याच्याही कानी पडतात, पण ते घडवण्यात त्याचा वाटा नसतो. समाजमंदिराच्या दाराशी बसलेल्या बायांना ‘तुम्ही सगळं ऐकलं ना?’ असे विचारणे म्हणूनच निरर्थक आहे.

सरकारी कागदावरचा शब्द गावावर लादू नये. ठिबक संचाला लोक नळ्या म्हणत असतील तर बैठकीत नळ्याच म्हणावे आणि ठरावात कंसात ठिबक लिहावे. आपल्या डोक्यात योजनेची पूर्ण चाल वाजत असते, ऐकणाऱ्याला मात्र टेबलावरची टकटक तेवढी ऐकू येते. हे मी उपमेने म्हणत नाही. एलिझाबेथ न्यूटन यांनी १९९० साली हाच प्रयोग केला होता. ओळखीच्या गाण्यांचा ठेका टेबलावर वाजवणाऱ्यांना वाटले की ऐकणारे निम्मी गाणी ओळखतील, प्रत्यक्षात १२० पैकी ३ ओळखली गेली.

ही दरी भरून काढण्याचा मला सापडलेला सर्वांत चांगला मार्ग म्हणजे अंगणात रांगोळीने गावशिवाराचा नकाशा काढणे. नाला, पांदण, विहिरी, गावठाण, ज्याच्या त्याच्या हाताने काढू द्यावे. सगळ्यांची नजर एका जागी येते आणि तिच्याबरोबर लक्षही येते. बोलणाऱ्याची नजर चित्रावर जिथे जाते तिथे ऐकणाऱ्याची नजर साधारण दोन सेकंदांनी पोचते, आणि ही साथ जितकी जवळची तितके त्याला अधिक समजते, असे रिचर्डसन आणि डेल यांना २००५ साली आढळले होते. तेव्हा काठीने विहीर दाखवली की काठी तिथेच थोडी थांबवावी. अधिकारी मंडळी भिंतीवर चित्रे फिरवतात तेव्हा हे दोन सेकंद कोणाला मिळत नाहीत.

मत

इथपर्यंत बैठक चांगली चालली असेल तर आता धोक्याची जागा येते. शरीरे, शब्द आणि नजरा जुळलेल्या माणसांना मतेही जुळवून टाकावीशी वाटतात. सॉलोमन अॅश यांनी १९५० च्या दशकात दाखवले की समोरच्या रेषेची लांबी डोळ्यांना स्पष्ट दिसत असतानाही, बाकी सगळे चुकीचे उत्तर देत असतील तर सुमारे एक तृतीयांश वेळा माणूस त्यांच्यामागे जातो. त्याच प्रयोगात एकाच माणसाने बरोबर उत्तर दिले की हे प्रमाण फार खाली येत असे, आणि उत्तर मोठ्याने न सांगता कागदावर लिहायला दिले तरी चुका पुष्कळ कमी होत.

सरपंच किंवा पाटील आधी बोलले आणि मग हात वर करायला सांगितले, तर तो निर्णय एकट्या सरपंचाचाच असतो. म्हणून वयाने किंवा मानाने लहान असलेल्यांना आधी बोलवावे आणि सरपंचांना शेवटी बोलण्याची विनंती करावी. ‘भाऊ, तुमचं ऐकल्यावर कोणी दुसरं बोलत नाही, म्हणून तुम्ही मागून बोला,’ असे खाजगीत सांगितले तर बहुतेक सरपंच खूशच होतात. वादाच्या विषयावर आडोशाला दोन मडकी ठेवावीत. होकाराला तुरीचा दाणा आणि नकाराला ज्वारीचा दाणा एका मडक्यात टाकायचा, दुसऱ्या मडक्यात उरलेला दाणा. अक्षर न येणाऱ्यालाही हे मत कागदाइतकेच गुप्तपणे देता येते. ग्रामसभेआधी महिलांची सभा घेण्याची तरतूद आपल्या पंचायत कायद्यात आहे, तिचेही मर्म हेच. ती केवळ सह्यांपुरती उरकणे म्हणजे निम्म्या गावाचे मत ऐकण्याआधीच सोडून देणे होय.

आणखी एक गोष्ट सांभाळावी. गट जमला की सगळ्यांना आधीच ठाऊक असलेल्या गोष्टींवर तो बराच वेळ बोलतो आणि एखाद्यालाच ठाऊक असलेली गोष्ट बाहेर येत नाही, हे स्टॅसर आणि टायटस यांनी १९८५ साली दाखवून दिले. बंधाऱ्याची जागा ठरवताना नाल्यात मे महिन्यातही ओल कुठे टिकते हे गुराख्याला माहीत असते आणि कोणत्या हातपंपाला आधी हवा लागते हे पाणी भरणाऱ्या बायांना. ‘कोणाला काही सांगायचं आहे का?’ या प्रश्नाने ते कधीच बाहेर येत नाही. गुराख्याला नाव घेऊन विचारावे.

एकमताला घाई नसली की काय होते हे पाहायचे असेल तर गडचिरोलीत धानोरा तालुक्यातील मेंढा (लेखा) येथे जावे. तिथे बहुमताने निर्णय घेत नाहीत. अभ्यासगटांत विषय चर्चिला जातो, ग्रामसभेत सर्वांची संमती होईपर्यंत तो खुला राहतो, आणि कोणाचा विरोध असला तर निर्णय थांबतो. २००९ साली सामूहिक वनहक्क मिळवणाऱ्या देशातील सुरुवातीच्या गावांत हे गाव होते, हे इथे नोंदवण्यासारखे आहे.

बैठक उठल्यावर

निर्णय झाला की तो कामाच्या भाषेत पुन्हा सांगायला लावावा, आणि तो आपण सांगू नये, बैठकीत सर्वांत कमी बोललेल्या माणसाने सांगावा. कुठे, किती वाजता, कोणाचे फावडे, कोणाची बंडी, एवढे त्याच्या तोंडून नीट आले तर समजावे की सगळ्यांच्या डोक्यात एकच चित्र आहे. चुकले तर लोक आपणहून त्याला दुरुस्त करतात, आणि त्या दुरुस्तीत राहिलेले मतभेद वर येतात.

त्यानंतर लगेच मोटारसायकलला किक मारून निघू नये. पानठेल्यापाशी अर्धा तास थांबावे, चहा घ्यावा. बैठकीत ‘हव’ म्हणून गेलेला माणूस इथे ‘पन एक सांगू का, साहेब?’ म्हणून सुरू होतो. त्याला अडवू नये, तिथे उत्तरही देऊ नये. त्याची हरकत नसेल तर त्याचे नाव न घेता ती गोष्ट पुढच्या बैठकीत पहिल्या विषयात मांडावी.